कॅशला कचरा म्हणू नका हो!

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोबाइल-कॉम्प्युटरचं जे सदर येतं त्यात परवा छापून आलं की कॅश (परत लागेल म्हणून मशीननं हाताशी साठवून ठेवलेली माहिती) म्हणजे साठलेला कचरा, रोज रात्री झोपायच्या आधी साफ करा म्हणजे मशीन पळेल. आमच्याकडे रविवारी पोहे-जलेबी आणि पेपर बरोबरच टेबलावर येतात, ह्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, सासूबाई म्हणाल्या रोकड कधीपासून कचरा झाली, सगळे हसलो, तिथवर ठीक होतं. पण संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर तिघांनी त्या कात्रणाचा फोटो टाकला आणि वरच्या मजल्यावरचे काका मला विचारायला आले की तुम्ही कॉम्प्युटरवाल्या, सांगा बरं, सगळं एकदाच उडवायचं कसं. मग मला राहवेना, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, आधीच माफी मागते.

पहिली गोष्ट, इंदूरच्या माणसाला कचऱ्याबद्दल शिकवायला जाऊ नये. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत ह्या शहरानं पहिला नंबर सोडला नाही, सकाळी गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की आमच्याकडची सहा वर्षांची पोरं ओला-सुका वेगळा करून दारात उभी असतात. आम्हाला माहीत आहे कचरा कशाला म्हणतात, ज्याचा आता कोणालाच उपयोग नाही त्याला. सकाळी चिरून ठेवलेला कांदा दुपारच्या भाजीला लागणार असेल तर तो कचरा नसतो, चार दिवसांनी त्याला वास यायला लागला की होतो. सगळी गोम ह्या मधल्या वेळेत आहे आणि सदरात तिचा पत्ताच नाही.

मी फर्मवेअर लिहिते, म्हणजे मशीनच्या पोटात जो छोटा कॉम्प्युटर असतो त्याचा प्रोग्राम. बावीस वर्षं झाली. ह्या धंद्यात दिवसातले निम्मे तास डीबगरसमोर जातात, डीबगर म्हणजे चालू प्रोग्रामला मध्येच मानगूट धरून थांबवणारा आणि त्याच्या खिशात काय काय आहे ते दाखवणारा दुसरा प्रोग्राम. आणि हा डीबगर जी कॅश ठेवतो ती मिनिटाला दहा वेळा स्वतःच फेकून देतो. आता सदरवाले म्हणतील, बघा, तुम्हीसुद्धा फेकताच की! हो, फेकतो. पण केव्हा आणि का, ते जरा ऐका.

आधी स्टॅक फ्रेम काय असते ते सांगते, घाबरू नका. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात सणावाराला असं चालायचं की आजी आईला म्हणायची विड्याची पानं राहिली आणायची, आईचे हात पुरणात, ती दादाला सांगायची, दादा सायकलचं पंक्चर काढत बसलेला, तो मला पिटाळायचा, आणि मी पानवाल्यासमोर जाऊन उभी राहिले की किती आणि कसली हेच विसरलेली असायची. मग पानवाला विचारायचा, कोणी पाठवलं तुला? दादानं. त्याला कोणी? आईनं. तिला? आजीनं. अच्छा, म्हणजे पूजेची पानं, असं म्हणून तो बरोबर डेठवाली मोजून द्यायचा.

प्रोग्राममध्ये हेच चालतं. एक फंक्शन, म्हणजे ठराविक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, दुसऱ्याला काम सांगतं, दुसरं तिसऱ्याला, आणि सांगणारा प्रत्येक जण हातातलं अर्धवट ठेवून वाट बघत थांबलेला. काम झालं की परत कुठं यायचं तो पत्ता आणि आपले चालू आकडे मेमरीच्या एका ठराविक भागात ठेवलेले असतात, त्या भागाला स्टॅक म्हणतात आणि एकेकाच्या वाट्याच्या तुकड्याला फ्रेम. प्रोग्राम थांबवून मी बीटी टाइप केलं, बॅकट्रेसचं हे लघुरूप, की डीबगर आख्खी साखळी दाखवतो, शून्य नंबरवर आत्ता दुकानासमोर उभी आहे ती, एकवर तिला पाठवणारा, असं करत करत शेवटी मेन, म्हणजे आजी.

गंमत अशी की ही यादी कुठंही तयार लिहिलेली नसते. डीबगरला ती पानवाल्यासारखी एकेकाला विचारत काढावी लागते. जुन्या पद्धतीत एक रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची छोटी जागा) फक्त ह्याच कामाला राखून ठेवायचे, फ्रेम पॉइंटर, त्याला धरून मागं मागं गेलं की झालं, पण तेवढंच एक रजिस्टर मोकळं मिळतं म्हणून कंपाइलर, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, ते काढून टाकायला लागले (आता परत उलटं चक्र फिरलंय, लिनक्सच्या फेडोरा ३८ नं २०२३ मध्ये आणि उबुंटू २४.०४ नं २०२४ मध्ये फ्रेम पॉइंटर परत चालू केला, प्रोग्रामचा वेळ कुठं जातो ते मोजणाऱ्या प्रोफायलरवाल्यांची सोय म्हणून). फ्रेम पॉइंटर नसेल तर मग कंपाइलरनं प्रोग्रामसोबत ठेवलेले ड्वार्फ नावाच्या फॉरमॅटमधले तक्ते वाचायचे. प्रोग्राम अमुक इन्स्ट्रक्शनवर थांबला असेल तर परतीचा पत्ता स्टॅकच्या टोकापासून किती बाइटवर आहे, कुठलं रजिस्टर कुठं ठेवलंय, हे त्यात असतं, पण सरळ कोष्टक म्हणून नाही, बारीक बारीक सूचनांच्या रूपात, त्या डीबगरला एक एक करून चालवून बघाव्या लागतात. म्हणजे आधी पत्त्यावरून फंक्शन शोधा, मग त्याचा तक्ता शोधा, सूचना चालवा, हिशोब करा, मेमरी वाचा, तेव्हा कुठं एक माणूस सापडतो. यादीत चाळीस जण असतील तर हे चाळीस वेळा, आणि तेही ओळीनं, कारण तिसऱ्याची रजिस्टरं कळल्याशिवाय चौथा सापडतच नाही.

एवढी मेहनत करून काढलेली माहिती कोण फेकेल लगेच? म्हणून डीबगर प्रत्येक फ्रेमचं एक टिपण करून ठेवतो. तीच ही कॅश. मी वापरते तो जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला तोच, अजून चालूच आहे, त्याचं सांगते. तो चांगल्या अर्थानं आळशी आहे, विचारल्याशिवाय पुढचा माणूस शोधतच नाही. प्रोग्राम थांबला की फक्त शून्य नंबरची फ्रेम बघतो, मी अप म्हटलं की एक नंबरची काढतो, परत डाऊन आणि परत अप केलं तर टिपणातलं वाचून दाखवतो, तक्त्याला हात लावत नाही. प्रत्येक टिपणात परतीचा पत्ता कुठला निघाला ते असतं, ओळख असते, आणि ज्या पद्धतीनं ती फ्रेम उलगडली त्या पद्धतीची स्वतःची एक कोरी जागा असते, तिथं तिनं आपला हिशोब मांडून ठेवायचा, जीडीबी त्यात नाक खुपसत नाही.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. शून्याच्याही खाली एक वजा एक नंबरची फ्रेम असते, यादीत कधी दिसत नाही. तिला सेंटिनल म्हणतात. तीन नंबरच्या फ्रेममध्ये अमुक रजिस्टरात काय होतं असं विचारलं तर तीन नंबरवाला सांगत नाही, तो आत दोनकडे बोट दाखवतो की मी ह्याला काम सांगितलं, माझी वस्तू ह्यानं कुठं ठेवली ते हाच जाणे, दोननं हात लावलेला नसेल तर तो एककडे बोट दाखवतो, एक शून्याकडे, आणि कोणीच हात लावलेला नसेल तर ती वस्तू अजून प्रोसेसरच्या खऱ्या रजिस्टरात आहे, आणि ते वाचून देणारी ही वजा एक नंबरवाली. घरात चष्मा हरवल्यावर जसं चालतं तसंच आहे, फक्त इथं शेवटी सापडतो.

आता फेकण्याबद्दल. प्रोग्राम थांबलेला आहे तोवर टिपणं खरी, कारण काहीच हलत नाहीये. मी कंटिन्यू म्हटलं किंवा एकच पाऊल पुढं टाकलं की सगळी रद्द. एकेक टिपण काढून फाडत बसत नाही, आख्खी पाटीच पुसतो, ती सगळी मेमरी एका झटक्यात मोकळी करतो. मी हातानं एखाद्या व्हेरिएबलची किंमत बदलली तरी पुसतो. खरं तर सगळ्या बदलांनी फ्रेमा बिघडतात असं नाही, पण जीडीबी लिहिणाऱ्यांनी तिथं कोडमध्येच लिहून ठेवलंय की सोपं पडावं म्हणून आम्ही कुठल्याही बदलाला पुसतो, त्यानं फार काही हळू होईल असं वाटत नाही. दुसऱ्या थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोग्रामात समांतर चाललेल्या दुसऱ्या कामाकडे, वळलं तरी पुसतो, म्हणून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस एकदम मागितले की प्रत्येकाची साखळी पहिल्यापासून काढावी लागते. एलएलडीबी नावाचा दुसरा डीबगर आहे त्याची रीत वेगळी, तो प्रत्येक थ्रेडची यादी त्या थ्रेडपाशीच ठेवतो.

पुसल्यावर एक अडचण येते. समजा मी तीन नंबरच्या फ्रेममध्ये उभी होते आणि पाटी पुसली गेली, मग मला परत नेऊन कुठं उभं करायचं? नंबरावर विसंबता येत नाही. म्हणून फ्रेमची ओळख वेगळी ठेवलेली असते, त्या फंक्शनची सुरुवात कुठं आहे तो पत्ता आणि स्टॅकवर त्याची जागा कुठं आहे तो पत्ता, ही जोडी. जोशी म्हटलं की रामबागेत चार घरं उठून येतील, पण मारुतीच्या देवळासमोरचे जोशी म्हटलं की एकच. एखादं फंक्शन स्वतःलाच दहा वेळा बोलावत असलं तरी दहा फ्रेमांच्या स्टॅकवरच्या जागा वेगळ्या, त्यामुळे ओळख चुकत नाही. फिनिश (हे फंक्शन संपेपर्यंत चल) किंवा नेक्स्ट (पुढच्या ओळीपर्यंत चल) म्हटल्यावर आपण बरोब्बर त्याच माणसाकडे परत आलो का, का त्याच्याच नावाच्या दुसऱ्याकडे, हे डीबगर ह्या जोडीवरूनच ताडतो. टिपणं जातात, ओळख राहते.

आणि हे न पाळल्यामुळं खुद्द जीडीबीच कितीतरी वेळा तोंडावर आपटलाय. त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये कुठंतरी टिपणाचा थेट पत्ता धरून ठेवलेला, मध्येच एखादं फंक्शन हातानं चालवायची वेळ आली, त्यासाठी प्रोग्राम क्षणभर सुटला, पाटी पुसली, आणि नंतर तोच जुना पत्ता वापरायला गेला की तिथं भलतंच काहीतरी. डॉक्टरच स्ट्रेचरवर! शेवटी २०२२ मध्ये त्यांनी तो उघडा पत्ता काढून एक शहाणा पॉइंटर आणला, तो पुसल्याची खबर ठेवतो आणि ओळखीवरून टिपण परत उभं करायची सोय त्याच्याभोवती आहे, १३ व्या आवृत्तीपासून तो आहे. म्हणजे चाळीस वर्षं होत आली तरी कॅश कधी शिळी झाली ह्या एका प्रश्नावर माणसं अजून घाम गाळतायत, आणि सदरात मात्र एका ओळीत निकाल.

ह्या टिपणांच्या खाली अजून एक कॅश असते, स्टॅकच्या मेमरीची. ती कशाला, तर प्रोग्राम आणि डीबगर एकाच मशीनवर असतीलच असं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा प्रोग्राम चालतो तो बोर्ड आणि डीबगर चालतो तो कॉम्प्युटर सिरियल केबलनं जोडलेले असायचे, स्पीड सेकंदाला ११५२०० बिट, एका बाइटला १० बिट धरले तर सेकंदाला ११५२० अक्षरं, आणि जीडीबीच्या भाषेत मेमरीचा प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून येतो. चार बाइट मागितले तर मागणी, उत्तर आणि दोन्हीकडच्या पोचपावत्या धरून साधारण २९ अक्षरं जातात-येतात, असे सोळा वेळा मागितले तर ४६४, म्हणजे ४० मिलिसेकंद. तेच ६४ बाइट एकदम मागितले तर दीडशेच्या आसपास अक्षरं, १३ मिलिसेकंदात काम. म्हणून डीबगर शेजारचंसुद्धा उचलून आणतो, जीडीबीत ह्या कॅशची एक ओळ ६४ बाइटचीच असते. भाजीला निघालोच आहोत तर कोथिंबीर पण घेऊन येऊ, असं.

पण इथं जीडीबीवाल्यांनी एक शहाणपणा केलाय. सगळी मेमरी अशी साठवत नाहीत, आपण होऊन फक्त स्टॅक आणि प्रोग्रामचा कोड, कारण बाकी मेमरीत डिव्हाइसची रजिस्टरं असू शकतात, ती प्रोग्राम थांबलेला असतानाही आपली आपण बदलतात, तिथं जुनं दाखवलं तर घोटाळा. स्टॅकला कोण हात लावतंय प्रोग्राम थांबलेला असताना, असा तो हिशोब.

आम्ही लावला. तीच हकीकत सांगायची होती, बाकी सगळी प्रस्तावना.

पीथमपूरला एकांकडे शेव-फरसाणाची पाकिटं सील करायचं मशीन आहे, त्याच्या हीटरचा कंट्रोलर आम्ही करतो. तक्रार आली की तासातून एकदोनदा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, तेवढ्यात जबडा गार होतो, पाच-सात पाकिटं उघडी राहतात आणि शेव सादळते. आता इंदुरात सादळलेली शेव म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. बोर्ड ऑफिसात मागवला आणि आमच्याकडची ट्रेनी मुलगी, देवासहून रोज बसनं येते, फार चिवट आहे, तिला घेऊन बसले.

हीटरच्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (इथं आलास की थांब अशी खूण) लावून थांबवलं, बीटी केलं, पाच ओळी आल्या, सगळी नावं ओळखीची, शेवटी मेन. छान. सोडलं. मिनिटभरात क्रॅश. आता बीटी केलं तर क्रॅशच्या हँडलरनंतर (क्रॅश झाला की धावून येणारं फंक्शन) ०७९३०७९० असा पत्ता, पुढं नाव नाही, नुसती दोन प्रश्नचिन्हं, आणि खाली जीडीबीचं ते ठरलेलं रडगाणं, बॅकट्रेस स्टॉप्ड, प्रीव्हियस फ्रेम आयडेंटिकल टू धिस फ्रेम, करप्ट स्टॅक, म्हणजे पुढची साखळी लागत नाही, स्टॅक बिघडलेला दिसतो. आमच्या चिपमध्ये प्रोग्राम ०८०००००० पासून पुढं असतो, ०७ नं सुरू होणारा परतीचा पत्ता असूच शकत नाही. ती म्हणाली, ताई, पण आत्ता थांबवलं होतं तेव्हा तर सगळं नीट दाखवत होता.

परत थांबवलं. ह्यावेळी अप करून इन्फो फ्रेम बघितलं, हा काय सांगतो, तर परतीचा पत्ता ०८००२३४४, आणि तो मेमरीत २०००४७६४ ह्या जागी ठेवलेला आहे. त्या जागेवर एक्स कमांडनं (मेमरीत काय आहे ते दाखवणारी) बघितलं, ०८००२३४५. शेवटचा आकडा एकनं जास्त का असं तिनं विचारलं, ह्या जातीच्या चिपमध्ये ती खूण असते, जीडीबी दाखवताना काढून टाकतो, म्हणजे दोन्ही एकच. तेवढ्यात चहा आला. कट चायचा एक घोट घेऊन मी सहज बाणाची की दाबून तीच एक्स कमांड परत मारली, तर ०८०००७९१. प्रोसेसर थांबलेला, आम्ही दोघी चहा पीत बसलेल्या, आणि आकडा बदललेला! परत बाण आणि एंटर, ०७९३०७९१. आणि इन्फो फ्रेम विचारलं तर तो आपला ठामपणे अजून ०८००२३४४ वरच. एकाच स्क्रीनवर, एकाच जागेबद्दल, दोन वेगळी उत्तरं.

ती म्हणाली, ताई, डीबगर खोटं बोलतोय. मी म्हटलं, खोटं नाही गं, तो मघाचं सांगतोय.

मग कागदावर हिशोब केला. हे आकडे सोळाच्या पायात लिहिलेले असतात, त्यातलं ०७९१ म्हणजे साध्या आकड्यात १९३७ आणि ०७९३ म्हणजे १९३९. हे आकडे तिनं कुठंतरी बघितले होते, लॉग उघडला, हीटरच्या तापमानाची रीडिंग, १९३७, १९३९, सेकंदाला एक. ह्या चिपमध्ये डीएमए म्हणून एक भाग असतो, तो प्रोसेसरला न विचारता सेन्सरचे आकडे थेट मेमरीत टाकतो, आणि डीबगर थांबवतो तो फक्त प्रोसेसर, टायमर आणि डीएमएला वेगळं गोठवलं नसेल तर ते चालूच राहतात. रीडिंग ठेवायला ३२ घरांचा जो ॲरे होता, प्रत्येकी २ बाइट, तो सुरुवातीच्या सेटअपच्या फंक्शनमध्ये लोकल म्हणून लिहिला होता, म्हणजे स्टॅकवर. फंक्शन संपलं, त्याची फ्रेम गेली, जागा दुसऱ्यांच्या वाट्याला आली, पण डीएमएला कोणी सांगितलंच नाही की घर सोडायचंय. तो बिचारा दर सेकंदाला जुन्या पत्त्यावर दूध टाकून जातोय आणि आता तिथं राहणाऱ्यांच्या गादीवर ते सांडतंय. आधी खालचे दोन बाइट बदलले, सेकंदानं वरचे दोन, आम्ही ते डोळ्यांनी बघितलं.

आणि जीडीबीला का दिसलं नाही, तर त्यानं थांबल्या थांबल्या एकदा साखळी काढून टिपण करून ठेवलं होतं, खाली स्टॅकची मेमरीही साठवलेली होती, आणि प्रोग्राम सुटला नाही तर पुसायचं कशाला. एक्स कमांड मात्र त्या साठ्यातून वाचत नाही, दर वेळी बोर्डाला नव्यानं विचारते. म्हणून तिला खरं दिसलं. शेवटी सेट स्टॅक-कॅश ऑफ केलं, मग मेंट फ्लश रजिस्टर-कॅश करून हातानं पाटी पुसली (पूर्वी ह्या कमांडचं नाव फ्लशरेग्ज होतं), आणि बीटी केलं तर पाच ओळींची सुबक यादी गायब, शून्य, एक, आणि दोनवर तेच ०७९३०७९० आणि दोन प्रश्नचिन्हं. म्हणजे मघाशी जी नीटनेटकी यादी बघून आम्ही खूश होत होतो तिच्या पायाखालची जमीन आम्ही चहा पीत असताना सरकलेली होती.

दुरुस्ती एका शब्दाची होती. ॲरेच्या आधी स्टॅटिक लिहिलं, तो स्टॅकवरून उठून स्वतःच्या कायमच्या जागेवर गेला. ते तिनंच लिहिलं, आणि ती मूळ चूक कोणाची होती ते आम्ही दोघींनी बघितलं नाही असं ठरवलंय. (माझी होती.)

आता सांगा, ह्यात कॅश हा कचरा होता का? स्टॅक-कॅश कायमची बंद ठेवावी का, असं तिनंही विचारलं होतं. नाही ठेवली. दुसऱ्याच दिवशी परत चालू केली, कारण ती नसेल तर प्रत्येक अप-डाऊनला बोर्डाशी परत सगळं बोलणं आलं. थांबलेल्या प्रोग्रामच्या पाठीमागून कोणी स्टॅकवर लिहीत नाही हे धरून चालणं शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबरच आहे, आम्ही तो उरलेला एक प्रसंग स्वतःच्या हातानं ओढवून घेतला. आणि मोबाइलचं म्हणाल तर तिथं रोज रात्री सगळी कॅश उडवायची म्हणजे सकाळी प्रत्येक ॲपनं तीच चित्रं, तीच पानं परत नेटवरून उतरवायची, डेटा तुमचा, बॅटरी तुमची, आणि वेगही त्या दिवशी कमीच. एखादं ॲप जुनंच काहीतरी दाखवून अडून बसलं किंवा जागाच संपली तर त्या ॲपची तेवढी साफ करा, बरोबर आहे, मीही करते. वरच्या काकांना हेच सांगितलं, ते म्हणाले पण पेपरात तर छापलंय.

म्हणून विनंती, पुढच्या रविवारी सदरात तेवढी एक ओळ दुरुस्त करून छापा. पत्राला जागा पुरणार नाही हे मला कळतंय, कापायचंच झालं तर ड्वार्फचा परिच्छेद कापा, सेंटिनलचाही कापा हवं तर, पण शेवेच्या पाकिटांची हकीकत राहू द्या, त्या मुलीनं घरी सांगून ठेवलंय की पेपरात येणार आहे.

आपली नेहमीची वाचक,
रामबाग, इंदूर